पातूरचा इन्व्हर्टर देवबागच्या होडीवर चालेल का?

प्रश्न : आमच्या पातूरच्या घरी बऱ्याच वर्षांपासून इन्व्हर्टर आहे. लाईन गेली की पंखे, दिवे, टीव्ही त्यावर चालतात. माझा भाचा मालवणजवळ देवबागला असतो. पर्यटकांना रात्री मुक्काम करता येईल अशी एक होडी त्यानं बांधायला घेतली आहे. तिच्यासाठी इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत असलेला ‘कॉम्बी’ घ्यायचा म्हणतो. त्याची किंमत ऐकून मी म्हटलं, घरी एक जुना इन्व्हर्टर नुसता पडून आहे, तोच पाठवतो. तर तो हसायलाच लागला. दुकानदारानं त्याला सांगितलंय की ही पेटी ९३ टक्के कार्यक्षम आहे. मग आमची किती टक्के? होडीला काय वेगळी वीज लागते का? आणि आमच्या घरची बॅटरी दर दोन-अडीच वर्षांनी बसते, तो दोष पेटीचा की बॅटरीचा?

उत्तर : पातूर तालुक्यात पाणी म्हणायचं तर मोर्णेचं धरण, आणि समुद्र तिथून काही शे किलोमीटरवर. तरीही तुमची सूचना वाटते तितकी हसण्यासारखी नाही. मात्र तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे करून घेऊ.

आधी पेटी म्हणजे काय ते. ‘कॉम्बी’ म्हणजे काहीतरी नवं यंत्र, असा तुमचा समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात तुम्ही इतकी वर्षं कॉम्बीच वापरताय. तुमच्या पेटीत एक जड ट्रान्सफॉर्मर आहे, अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवलेली मॉसफेटची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचांची, रांग आहे आणि एक रिले आहे. लाईन असते तेव्हा रिले ती वीज सरळ घरात सोडतो, आणि तोच ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे चौदाच्या आसपास व्होल्ट करून बॅटरी भरतो. लाईन गेली की रिले ‘टक्’ करून पलटतो, मॉसफेट कामाला लागतात आणि तोच ट्रान्सफॉर्मर आता उलट्या दिशेनं बॅटरीच्या बारा व्होल्टचे २३० करतो. भारतातला घरगुती इन्व्हर्टर पहिल्यापासून चार्जरसकटच येतो. परदेशात घरची वीज सहसा जात नाही, म्हणून तिथं हे यंत्र वाढलं ते होड्या आणि फिरत्या घर-गाड्यांसाठी. त्याला तिथलं नाव मिळालं आणि तिथली किंमतही.

होडीला वेगळी वीज लागत नाही. मिक्सरला देवबागच्या खाडीतही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच हवेत. वेगळी आहे ती परिस्थिती. तुमच्या घरी लाईन हा नियम आहे आणि इन्व्हर्टर हा अपवाद. होडीवर नेमकं उलट असतं. या एकाच फरकातून पुढचे बहुतेक सगळे फरक निघतात.

आता ते ९३ टक्के. दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. कार्यक्षमतेचा आकडा पेटीवर ठरावीक भार असताना मोजलेला असतो, साधारण क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. त्या भाराला शंभर वॉट बॅटरीतून घेतले तर ९३ वॉट बाहेर येतात, हे खरं. पण पेटी नुसती चालू राहायलाही वीज खाते. बाहेर एकही दिवा लागलेला नसला तरी आतलं सर्किट आणि ट्रान्सफॉर्मर जागे असतात. या रिकाम्या खर्चाचा आकडा माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात असतो, आणि होडीसाठी तोच सगळ्यात आधी वाचायचा असतो.

हिशोब करून बघू. समजा २,००० वॉटची पेटी आहे आणि तिचा रिकामा खर्च २५ वॉट आहे. रात्री अकरानंतर होडीवर एक दिवा आणि एका मोबाइलचा चार्जर एवढंच चालू आहे, म्हणजे १५ वॉट. त्या १५ वॉटसाठी बॅटरीतून ४० वॉट निघतात. त्या घडीला पेटीची कार्यक्षमता चाळीस टक्केसुद्धा नाही. आणि ती चोवीस तास चालू ठेवली, तर नुसत्या जागरणाचे ६०० वॉट-तास झाले. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते ५० अँपिअर-तास होतात. १५० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतले बॅटरीचं आयुष्य राखून रोज वापरण्याजोगे अँपिअर-तास साधारण ७५. म्हणजे दोन तृतीयांश वीज पेटीनंच खाल्ली, पाहुण्यांच्या वाट्याला एक तृतीयांश आली.

हाच रिकामा खर्च १० वॉट असेल तर दिवसाचे २४० वॉट-तास, म्हणजे २० अँपिअर-तास. महागड्या पेटीची किंमत बरीचशी या फरकासाठी असते. पातूरला हा फरक तुमच्या लक्षातही येणार नाही, कारण लाईन दोन तास गेली तर पंचवीस वॉटवाल्या पेटीनं जेमतेम ५० वॉट-तास जास्तीचे खाल्ले. तेवढ्यात तुमचा पंखा तासभरही फिरत नाही. तेव्हा ९३ टक्क्यांची पेटी घरी आणून फार काही हाती लागणार नाही.

काही पेट्यांत झोपेची सोय असते. पेटी दर काही सेकंदांनी एक क्षण जागी होऊन कोणी बटण दाबलंय का ते बघते आणि नसेल तर पुन्हा झोपते. कल्पना चांगली आहे, पण एखादा चार-पाच वॉटचा दिवा तिला भार वाटतच नाही. मग तो दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि पाहुणे होडीत भूत आहे म्हणून सांगत सुटतात.

त्यापेक्षा सरळ उपाय आहे. जे बारा किंवा चोवीस व्होल्टवर थेट चालतं ते इन्व्हर्टरकडे नेऊच नये. एलईडी दिवे, छोटे पंखे, मोबाइलचे यूएसबी सॉकेट हे सगळं बॅटरीच्या व्होल्टेजवर मिळतं. मालवणच्या मासेमारी करणाऱ्या होड्यांवर दिवे, जीपीएस, वायरलेस थेट बॅटरीवरच असतात. तिथं कोणी ते आधी २३० करून मग पुन्हा खाली उतरवत नाही. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप तर थेट बॅटरीवरच हवा, स्वतःच्या फ्यूजसकट. इन्व्हर्टर बिघडला म्हणून होडी बुडाली, असं व्हायला नको. इन्व्हर्टर मग उरतो मिक्सर, टीव्ही, लॅपटॉप यांच्यापुरता. तो गरजेला लावायचा, नाहीतर बंद ठेवायचा.

पेटी केवढी घ्यायची, यावर लोक उगाच मोठी घेतात. ‘व्हीए’ आणि ‘वॉट’ यांतली गफलत आधी दूर करा. तुमच्या पेटीवर ९०० व्हीए लिहिलेलं असेल तर ती साधारण ७०० वॉटच देते. भाच्याच्या होडीवर एकाच वेळी काय चालेल? कमी वीज खाणारे तीस वॉटचे चार बीएलडीसी पंखे, नऊ वॉटचे दहा दिवे, टीव्ही, आणि सकाळी मिक्सर. बेरीज नऊशे वॉटच्या आसपास जाते. त्यात छोटा फ्रिज घातला की मोटार सुरू होतानाचा झटका धरावा लागतो; तो चालू भाराच्या कित्येक पट असतो, जरी क्षणभरच. वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कूलर लावताना इन्व्हर्टर ‘कुंईं’ करून ओव्हरलोडचा लाल दिवा दाखवतो तो याच झटक्यामुळे. दीड ते दोन हजार व्हीएची शुद्ध साइनवेव्ह पेटी त्याला पुरेल. स्वस्तातल्या स्क्वेअरवेव्ह पेटीवर पंखे घूं घूं करतात आणि मोटारी तापतात, तिच्या वाटेला जाऊ नये.

एसीचा विचार मात्र त्यानं सोडून द्यावा. एक टनाचा एसी रात्रभरात पाच-सहा युनिट सहज घेतो. दोन १५० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या जोडल्या तरी निम्म्यापर्यंत वापरून मिळतात ते जेमतेम १.८ युनिट. एसी चालवायचा तर धक्क्यावरची वीज हवी किंवा जनरेटर हवा. बॅटरीवर एसी हे पैसेवाल्यांचं काम आहे, आणि तेही बॅटरीत बरेच पैसे घातल्यावर.

त्या दोन बॅटऱ्या जोडायच्या कशा, हेही महत्त्वाचं. बारा व्होल्टवर १,००० वॉट द्यायचे तर बॅटरीपासून पेटीपर्यंतच्या तारेतून ९५ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. दोन्ही सिरीजमध्ये जोडून चोवीस व्होल्ट केले की तो निम्मा होतो, आणि त्याच तारेत उष्णतेच्या रूपानं वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते. माहितीपत्रकातल्या दोन टक्क्यांवर दुकानात घासाघीस करणारी माणसं नंतर बारीक तार लावून त्याच्या दुप्पट टक्के घालवतात. तारेच्या टोकाचा थिंबल नीट दाबलेला नसेल तर भार पडल्यावर तो हाताला चटका देतो, त्याच्याजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडतं आणि मग वास येतो. होडी सतत हलत असल्यानं हे थिंबल सैल होतात. पेटी बॅटरीच्या जवळ असावी, तार जाड असावी, आणि बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज असावा.

आता चार्जर. माझ्या मते कॉम्बी घेताना माणसं याच अंगाकडे सगळ्यात कमी बघतात. घरी बॅटरी भरायला रात्र पडलेली असते, घाई कोणालाच नसते. होडीवर जनरेटर दोन तास चालतो किंवा धक्क्याला लागल्यावर रात्रभर वीज मिळते, तेवढ्यात भरायचं असतं. मग माणूस म्हणतो, मोठा चार्जर घेऊ, लवकर भरेल. इथंच चूक होते. लेड-अॅसिड बॅटरी पहिले ऐंशी टक्के भराभर घेते आणि शेवटचे वीस टक्के तिच्या स्वतःच्या गतीनं. तांब्या रिकामा असताना नळ पूर्ण सोडता येतो, काठाशी पाणी आलं की धार बारीक करावीच लागते, तसंच हे. चांगला चार्जर आधी पूर्ण प्रवाह देतो, मग व्होल्टेज १४.४ च्या आसपास धरून प्रवाह उतरू देतो, आणि शेवटी १३.६ वर आणून नुसती भरलेली ठेवतो. त्या शेवटच्या टप्प्यासाठी जनरेटर चालवणं म्हणजे पाच अँपिअरसाठी डिझेल जाळणं.

ट्यूब्युलर बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह मानवतो; १५० अँपिअर-तासांना पंधरा अँपिअर. दोन तासांच्या जनरेटरमध्ये तीसच अँपिअर-तास आत जातील. रोज बॅटरी अशी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि बॅटरी कायमची आकसते. म्हणून होडीवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी परवडते, जरी ती महाग असली. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ५० अँपिअर घेऊन दोनेक तासांत भरते, आणि आत गेलेल्या विजेतला फारच थोडा भाग उष्णतेत जातो. केरळात वैकोमजवळ २०१७ च्या जानेवारीपासून ‘आदित्य’ नावाची ७५ आसनांची सौर फेरीबोट चालते, तीही लिथियमवरच. मात्र चार्जरच्या सेटिंगमध्ये लिथियमचा पर्याय हवाच. ट्यूब्युलरसाठी बनवलेली पेटी मधूनमधून पंधरा व्होल्टच्या वर जाऊन बॅटरी ‘खदखदवते’. लिथियमचं संरक्षक सर्किट ते पाहून बॅटरीच तोडून टाकतं आणि सगळी होडी अंधारात जाते.

कॉम्बीचा खरा फायदा, म्हणजे दोन वेगळ्या पेट्यांऐवजी एक घेण्याचं कारण, धक्क्यावर कळतं. धक्क्याशेजारच्या एखाद्या हॉटेलातून पाच अँपिअरच्या सॉकेटवर तार ओढलेली असते. २३० व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे ११५० वॉट. चार्जरनं त्यातले सहाशे घेतले आणि स्वयंपाक्यानं मिक्सर लावला की हॉटेलचा एमसीबी पडतो आणि मालक ओरडत येतो. चांगल्या कॉम्बीला ‘बाहेरून पाच अँपिअरच्या वर घ्यायचे नाहीत’ असं सांगता येतं. मिक्सर लागला की ती चार्जिंग आपोआप कमी करते. काही पेट्या त्याहून पुढं जाऊन कमी पडणारी वीज तेवढ्यापुरती बॅटरीतून घालतात. वेगळा चार्जर आणि वेगळा इन्व्हर्टर यांना एकमेकांचं असं काही कळत नाही. भाच्याला धक्क्यावर वीज मिळणार असेल तर या एका सोयीसाठी मी कॉम्बीच्या बाजूनं मत देईन. आणि होडी दिवसाच्या फेऱ्यांचीच असेल, मुक्काम नसेल, तर कॉम्बी कशालाच नको. एक बॅटरी, बारा व्होल्टचे दिवे आणि इंजिनच्या आल्टरनेटरवरून चार्जिंग, संपलं.

आता तुमची जुनी पेटी का नको. विजेच्या दृष्टीनं ती चालेल, होडीच्या दृष्टीनं नाही. पेटीतला पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि देवबागला एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र असल्यानं ती हवा खारट असते. उघड्या सर्किटवर त्या मिठाची ओलसर पुटं चढतात, तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात आणि रिलेच्या टिकल्या चिकटतात. होडीसाठी बनवलेल्या पेटीत सर्किटवर वार्निशासारखा लेप असतो. ट्यूब्युलर बॅटरीच्या झाकणांतून होडी कलल्यावर आम्ल सांडतं. त्याच आम्लात समुद्राचं पाणी शिरलं तर चार्जिंग होताना क्लोरीन वायू सुटू शकतो, आणि बंद जागेत तो जीवघेणा आहे. म्हणून तिथं सीलबंद बॅटरी लागते. पेट्रोलचं इंजिन असेल तर टाकीच्या कप्प्यात रिले असलेली कोणतीही पेटी ठेवायची नाही, एक ठिणगी पुरते.

सगळ्यात गंभीर मुद्दा अर्थिंगचा. घरी न्यूट्रल आणि अर्थ यांचा संबंध गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जोडलेला असतो. त्याच्या भरवशावर ईएलसीबी काम करतो : करंट कुठं गळला की तो पडतो आणि वीज तोडतो. होडी तरंगती असते. धक्क्याची तार काढली की तो जोड तुटतो, आणि घरगुती इन्व्हर्टर त्याची जागा घेत नाही. मग ओल्या हातानं कोणी बिघडलेल्या मिक्सरला हात लावला तर ईएलसीबी पडेलच असं नाही. होडीच्या कॉम्बीत यासाठी एक वेगळा रिले असतो. बॅटरीवर चालताना तो न्यूट्रल अर्थला जोडतो, धक्क्याची वीज आली की सोडतो. भाचा हसला तो यासाठी हसला असेल तर शाबास. नसेल तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

दुकानात त्यानं कार्यक्षमता विचारण्याऐवजी एवढं विचारावं : रिकामा खर्च किती वॉट, ४० अंशांना सलग किती वॉट देते, चार्जिंगचं व्होल्टेज बदलता येतं का, बॅटरीला चिकटवायची तापमानाची तार सोबत मिळते का, आणि न्यूट्रलचा तो रिले आहे का. दुकानदाराला यातली तीन उत्तरं देता आली नाहीत तर दुसरं दुकान बघावं.

आता तुमच्या घरची बॅटरी. दर दोन-अडीच वर्षांनी बसते म्हणता. बहुधा दोष पेटीचाही नाही आणि बॅटरीचाही नाही, वैशाखाचा आहे. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी कलम १४४ लावावं लागलं. जिन्याखालच्या बंद कप्प्यात किंवा टिनाच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीला त्या दिवसांत काय सोसावं लागतं ते बघा. त्यात भर म्हणजे तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज हवं असतं, दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट कमी. ४३ अंशांना १३.६ ऐवजी १३.२ च्या आसपास. साधी पेटी हे बघत नाही, १३.६ च देत राहते. मग बॅटरी सतत जास्त भरत राहते, पाणी उडतं आणि पट्ट्या उघड्या पडतात. तापमानाची तार असलेली पेटी मिळाली तर घ्या, नाहीतर निदान बॅटरी घरातल्या सगळ्यात थंड, हवेशीर कोपऱ्यात हलवा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून देवघरातल्या दिव्याजवळ मात्र नको.

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. बाळापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडचा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या बोअरचं पाणी घातलं तर बॅटरी वर्षही काढणार नाही. पातूरचं पाणी गोडं असलं तरी त्यात क्षार आहेतच. आरओच्या पाण्यातही थोडे उरतात. एसीतून टपकणारं पाणी लोक शुद्ध समजतात, पण ते कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊनच उतरतं. आणि बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, म्हणून फळी ठेवणारेही पुष्कळ आहेत. जुन्या काळी बॅटरीचे डबे ओल धरणाऱ्या पदार्थांचे असत, तेव्हा त्यात काही तथ्य होतं. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला जमिनीची अडचण नाही. फळी राहू द्या, नुकसान काही नाही.

इन्व्हर्टरनं बिल वाढतं का, हाही प्रश्न अनेक जण विचारतात. थोडं वाढतं. बॅटरी भरताना काही वीज जाते, काढताना आणखी काही जाते. साध्या घरगुती पेटीत एक युनिट वापरायला दीड युनिटच्या आसपास आत घालावं लागतं. शेजारी पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच धडधडत असले तरी ती वीज आधी जाळ्यात जाते आणि मग तुमच्या घरी येते. जवळ राहण्याची सवलत कोणालाच नाही. वीज वाचवायची असेल तर पेटी बदलण्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, बीएलडीसी तीसच्या आसपास. तीन पंखे बदलले तर त्याच बॅटरीवर नुसते पंखे दुपटीहून जास्त वेळ चालतात. ९३ टक्क्यांच्या पेटीनं हे होणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सूर्यघर योजनेमुळे सध्या गावोगाव छपरांवर पॅनेल दिसतात म्हणून सांगतो. ‘आता सोलर बसवलं, इन्व्हर्टर काढून टाकतो,’ असं बरेच जण म्हणतात. तसं करू नका. विनाबॅटरीचं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की स्वतःही बंद पडतं, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईन गेल्यावरही सोलर चालायला हवं असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो घेतलात तर सगळं घर त्यावर टाकू नका. दोन पंखे, चार दिवे आणि टीव्हीचं वेगळं सर्किट काढून तेवढंच त्याच्याकडे द्या, आणि कूलर लाईनवरच ठेवा.